बोकडाची कवटी आणि भानुदास सर

भानुदास सर गेल्याचा निरोप कोल्हारच्या शाळेत आला तेव्हा मी नववीचा इतिहास घेत होतो. त्यांच्या घरी पोहोचलो, तर दारात भांडण चाललेलं... प्रेत घाटावर न्यायचं की पुण्याला, यावरून.

सर विज्ञान शिकवायचे. दरवर्षी खाटकाकडून बोकडाचं मुंडकं आणून वर्गात करवतीनं कवटी उघडायचे. मेंदू उचलला की तळाशी बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसे. "ही बोकडाला आहे, माणसाला नाही," ते सांगत. एका प्राचीन पंडितानं ती जनावरात पाहिली, माणसातही असते असं लिहून टाकलं, आणि हजाराहून जास्त वर्षं सगळे तेच घोकत राहिले. मग जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी इटलीत शिकवणाऱ्या एका शरीरशास्त्रज्ञानं माणसाचा मेंदू थराथरानं कापून त्याची चित्रं काढवली. जाळी सापडेना. आधी तोही मेंढराचं डोकं जवळ ठेवून त्यातली जाळीच माणसाची म्हणून दाखवत असे. नंतर तसं छापून कबूल केलं. सरांना तो माणूस आवडे तो या कबुलीसाठी. गुरुजनांच्या तसबिरींना हार घालणाऱ्या आमच्या शाळेत हे फारसं रुचत नसे.

आपला देह पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा, हे सरांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आता ते खरं करायची वेळ आली, तर सरांच्या पत्नी, सुमनवहिनी, यांच्यासमोर थोरले बंधू तात्या आडवे उभे.

"कवटी फुटल्याबिगर जीव सुटत न्हाई, सुमन. लोकं काय म्हनतील?"

"भाऊजी, त्यांचा जीव कवटीत कधी बसलाच नाही. तो सदा शाळेत; नाहीतर घरी तरी दिसले असते."

"थट्टा करू नगंस. माझा धाकटा भाऊ हाय त्यो."

"म्हणून तर म्हणते, टेम्पोत तुम्ही पुढं बसा."

तात्यांनी पटका सारखा केला आणि ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

टेम्पो नगरच्या दिशेनं दिसेनासा झाला, तरी माणसं रस्त्याकडेला बसूनच. आमच्याकडे चितेवर कवटी फुटल्याचा आवाज आल्याशिवाय कुणी उठत नाही. त्या दिवशी उठायचं कधी, हेच कुणाला कळेना. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "उठा आता. आज काही फुटणार नाही."

शोकसभेत संस्थेच्या अध्यक्षांनी, सरांचा आत्मा कुठल्या लोकात पोहोचला, ते सविस्तर सांगितलं. सर त्या घडीला पुण्यात संगमरवरी टेबलावर होते, आणि मुलांना शिकवत होते. मग अध्यक्षांनी सुचवलं, प्रयोगशाळेच्या कपाटावरची, सरांनी कापून जपून ठेवलेली बोकडाची कवटी काढून तिथं सरांची तसबीर लावावी. मी नाही म्हणालो. नोकरीत पहिल्यांदाच, आणि मोठ्यानं.

कवटी तिथंच आहे. वरची टोपी करवतीनं कापलेली; उचलली की आत रिकामं. परवा कुणीतरी तिला हार घालून गेलं होतं. मी तो काढला आणि टोपी उघडी ठेवली... पुढच्या तासाला मुलांना आत बघायचं होतं.