किनार सोडलेला नकाशा

पाटीवाल्या ताईला कुणी विचारलं, काय गं, जग पाहिलंस का, तर ती म्हणायची, “हो, समोरच्या शाळेपर्यंत.” हसायचे लोक. पण खरंच होतं ते! बाबांचा उजवा हात लुळा पडल्यापासून एकोणीस वर्षं ती त्यांच्या जागी दुकानांच्या पाट्या रंगवत होती आणि बाबांना सांभाळत होती. बाबा आपल्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. ताई जरा नजरेआड झाली की हाक ठरलेली. बरं, बोलावून कामही काही नसायचं.

परदेशातल्या धाकट्या भावाने तिच्यासाठी पाट्यांच्याच कारखान्यात जागा धरून ठेवली होती. बाबांजवळ राहायला आत्या तयार होती. आज सहाला भावाचा फोन येणार होता. हो की नाही ते आजच सांगायचं होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “जा की, मी कुठे अडवलंय?” आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. आता बोला!

नेमका आजच शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा पुरा व्हायचा होता. गल्लीने रंग जमवले होते, ताईने निळीत बुडवलेली दोरी ताणून चौकटी मारल्या होत्या. एका पोराला एक चौकट, डावीकडून रोज दोन रांगा. निम्मा समुद्र भिंतीवर गेला, निम्मा पोरांच्या अंगावर.

चारच्या सुमारास एक पोरगी कागद नाचवत आली. “ताई, माझी चौकट कुठाय?”

ताईने मोजलं. कागदावर उभ्या रांगा चौदा, भिंतीवर तेरा. दोन्ही टोकांना तिने अर्धी अर्धी रांग कोरी सोडली होती. पाटीला किनार सोडायची, हे बाबांनी हाताला इतकं मुरवलेलं की बाईने जगालाही किनार सोडली! आणि गळली ती शेवटची रांग, भावाच्या देशाची.

“बाबा, एक रांग बसत नाहीये!” ती रस्त्यापलीकडे ओरडली.

“राहू दे! एका देशावाचून काय अडतंय?” बाबा खुशीत म्हणाले.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ताई, भिंत तिकडे वळते ना,” पोरगी म्हणाली. “आपणही वळू.”

वळल्यावर खुर्ची दिसत नव्हती. ताईने देशाची कड काढली, पिवळा रंग भरायला घेतला. पाठीवर कुणाची नजर नाही म्हटल्यावर हात कसा मोकळा चालत होता! “मी इथे जाणारे,” ती पोरीला म्हणाली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं तिने.

“कुठे गेलीस गं?” बाबांची हाक आली. ताई पिवळा रंग भरत राहिली.

“अगं, कुठेस?” ताईने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

तिसरी हाक आलीच नाही.

ताईने क्षणभर वाट पाहिली. मग ब्रश टाकला आणि जीव मुठीत धरून धावली. बाबा खुर्चीत आरामात पाणी पीत होते.

“काही नाही,” ते म्हणाले. “दिसली नाहीस म्हणून.”

तेवढ्यात फोन वाजला. ताईला अजून धाप लागलेली होती. “नको रे,” ती म्हणाली. “ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दे.”

“ताई, देश अर्धाच रंगलाय!” कोपऱ्यापलीकडून पोरगी ओरडली.

“तूच कर पुरा,” ताई म्हणाली, आणि बाबांच्या हातातला रिकामा पेला घेऊन आत गेली.