जुळ्या कंदांचा कागद

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, श्रावणात एक पांढरं फूल येतं. बोटभर उंचीचं रोप, कातळाच्या खळग्यात साठलेल्या मूठभर मातीत उगवलेलं. ते मी पहिल्यांदा उकरून काढलं तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रोफेसरांच्या हाताखाली मदतनीस होतो आणि रजेवर घरी आलो होतो. रोपाखाली चिंचोक्यांसारखे दोन जुळे कंद निघाले. रोप दाबून ठेवलेले कागद पावसात वाळेनात. आई टिपकागद चुलीशी शेकून द्यायची आणि मी ते बदलत राहायचो. असा जपून वाळवलेला नमुना मी प्रोफेसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी ते रोप नवी जात म्हणून छापलं. तिला नाव दिलं प्रिन्सिपॉलसाहेबांचं, आणि शास्त्राच्या रीतीप्रमाणे त्या नावामागोमाग त्यांचं स्वतःचं लागलं. मी कुठेच नव्हतो. विचारायला गेलो तेव्हा वर्ग भरलेला होता. ते हसून म्हणाले, "बैलानं नांगरलं म्हणून शेत बैलाच्या नावावर होतं काय रे?"

पोरं हसली. पुढे कित्येक दिवस कॉलेजात मला नंदी म्हणत.

नोकरी मी सोडली नाही. ते शिकवत फार चांगलं, हेही लिहिलं पाहिजे. जुन्या नमुन्याकडे कसं बघावं हे त्यांनीच मला शिकवलं, आणि मी ते मन लावून शिकलो. पण ते फळ्याकडे वळले की त्यांच्या पाठीकडे पाहत मी मनात काय काय बोलत असे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ते निवृत्त होऊन रत्नागिरीला आपल्या कलमांच्या बागेत राहायला गेले, आणि त्या पांढऱ्या फुलाच्या गटातल्या वनस्पतींचं काम माझ्याकडे आलं. त्यात शंभर वर्षांपूर्वी एका गोऱ्या अंमलदाराने दिलेलं एक नाव निघालं. वर्णन त्याने लिहिलं होतं, पण कोणत्या नमुन्यावरून ते सांगितलं नव्हतं. मी त्याचे नमुने उसने मागवले. वाळलेली रोपं चिकटवलेले दोन कागद आले. एकावर घाटमाथ्यावरचं गुलाबी फुलाचं, एकाच कंदाचं रोप. दुसऱ्यावर आमच्या सड्यावरचं, जुळ्या कंदांचं. वर्णनात मात्र गुलाबी फूल आणि जुळे कंद, दोन्ही. दोन वेगळी रोपं त्याने एकच समजून एका नावात बांधली होती.

अशा वेळी पुढच्या कुणीतरी त्यातला एक कागद निवडायचा असतो. जुनं नाव मग त्या कागदावरच्या रोपाचं, आणि छापून आलेली पहिली निवड इतरांनी पाळायची. मी घाटावरचा कागद निवडला असता तर प्रोफेसरांची जात उभी राहिली असती. सड्यावरचा निवडला तर त्या रोपाला जुनं नाव मिळणार आणि, आधीचं नाव तेच खरं या नियमाने, त्यांचं बाद होणार.

कागद पुढ्यात ठेवले आणि माझा हात थेट जुळ्या कंदांवर गेला. कारणं मी नंतर शोधली. चांगली सापडली.

लेख टपालात टाकण्याआधी मी आगबोटीने रत्नागिरीला गेलो. सल्ला विचारायला जातो आहे, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

ते पडवीत आरामखुर्चीत होते. त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, कोकमाचं सरबत आणून दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. आत जाताना हळूच म्हणाल्या, यांना फार बोलायला लावू नका, दम लागतो. प्रोफेसरांनी लेख सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"कारण बरोबर आहे," ते म्हणाले. "पण घाटावरच्या कागदालाही एवढंच बरोबर कारण देता आलं असतं."

"हो, सर."

"मग हाच का धरलास?"

मी सरबताचा पेला उचलला. माझ्या मनातलं त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नजर बागेकडे वळवली.

"एवढं एकच नाव आहे रे माझं," ते म्हणाले. "मी आहे तोवर ठेव. मग खुशाल छाप."

"दुसऱ्या कुणी आधी छापलं तर?"

"दुसरं आहे कोण या कामात?"

कुणीच नव्हतं. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी लेख घडी करून खिशात घातला, त्यांच्या पाया पडलो आणि उठलो. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता. त्या कलकलाटातून मी भरभर चालत पोस्टात गेलो आणि पाकीट टाकलं. मला त्या वेळी अतिशय हलकं वाटलं. इतका आनंद मला माझ्या नेमणुकीच्या दिवशीही झाला नव्हता.

लेख छापून यायच्या आतच ते गेल्याचं वहिनींचं पत्र आलं. त्यांनी मागितलं होतं तेवढं त्यांना आपसूक मिळालं. मी थांबलो असतो तर माझं काहीही बिघडलं नसतं. पत्र हातात असताना हे मला सुचलं नाही. पहिलं मनात आलं ते हे, की छापलेलं पान न बघताच हे सुटले. आणि मला त्यांचा राग आला.