परत जायची मुभा

सोनवणेकाका गेले ते मंगळवारी सकाळी. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. काकूंचा फोन दोनदा कापला, तिसऱ्यांदा बाहेर जाऊन घेतला. "चहा ठेवून उठवायला गेले, तर... उठलेच नाहीत गं," एवढंच त्या म्हणाल्या. मालवीय नगरहून मानसरोवरला त्यांच्या घरी पोचायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात मला सारखे आठवत होते ते काका माझ्याशी बोलत नव्हते ते तीन आठवडे.

काका मूळचे भुसावळचे, रेल्वेत मालगाडीचे गार्ड. बदली होऊन जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मालगाडी आडस्टेशनात तासन् तास उभी राहते, त्या वेळात त्यांना बखरी वाचायचा नाद लागला. मग सुट्टीत मोडी शिकले, मग इथल्या ख्याती वाचू लागले. ख्यात म्हणजे राजस्थानची बखरच म्हणा ना. मी सोलापूरची, नोकरीसाठी इथे आलेली. एका हळदीकुंकवात काकूंची ओळख झाली आणि मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करता येतं हे कळल्यावर काकांनी शनिवारी जेवायला बोलावलं. जेवण झालं आणि पुढ्यात हस्तलिखित आलं... पुढची तीन वर्षं माझे बहुतेक शनिवार तिथेच गेले.

त्यांचं पुस्तक एका हरलेल्या लढाईवर होतं, आणि त्या लढाईची एकच जुनी बखर होती. तिच्यात लढाईच्या आदल्या संध्याकाळी सरदार आपल्या माणसांना सांगतो, की ज्याच्या घरी तान्हं मूल आहे, म्हातारी आई आहे, नवी नवरी आहे, त्याने खुशाल परत जावं, मी बोल लावणार नाही. आणि एकही माणूस जात नाही. हे वाचताना काकांचा आवाज दर वेळी ओला व्हायचा. लाखांची फौज, रक्ताचे पूर ही बखरकारांची नेहमीची भाषा, ती सोडून द्यायची. पण तान्ह्या मुलाची गोष्ट कुणी बसल्या जागी रचत नाही, म्हणजे लिहिणारा तिथे हजर होता, असं त्यांचं म्हणणं. सहा वर्षांचं काम त्या एका भाषणावर उभं होतं.

आणि ते भाषण मला दुसरीकडे सापडलं. पुस्तकाच्या शेवटी द्यायचे म्हणून काकांनी ख्यातींतले उतारे काढून ठेवले होते, ते मी टाइप करत होते. काकांच्या लढाईच्या कितीतरी आधीच्या एका लढाईत, दुसऱ्याच राजाच्या तोंडी तेच बोलणं. तान्हं मूल, म्हातारी आई, नवी नवरी, क्रमसुद्धा तोच. काकांनीच तो उतारा कधीतरी हाताने उतरवून घेतला होता, पण त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी दोन शनिवार गप्प बसले. तिसऱ्या शनिवारी सांगितलं. "कुठल्या पानावर?" त्यांनी विचारलं, पान पाहिलं, चष्मा काढून ठेवला. काकूंनी चहा आणला तो निवून गेला. पुढच्या शनिवारी बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला की काकू म्हणायच्या, बसलेत नुसते. आपण सांगायला नको होतं, असं मला रोज वाटायचं... त्या वयाच्या माणसाकडून मी काय काढून घेतलं होतं!

मग एका रविवारी ते सिटी बस बदलून माझ्या दारात उभे राहिले. मी माफी मागू लागले तर हाताने थांबवलं. म्हणाले, "अगं, सहा वर्षं मी एकच विचारत बसलो, हे घडलं का. ते ऐकायला समोर कोण बसलं होतं, हे विचारलंच नाही." आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झालं. शेवटची चार पानं त्यांनी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी, सोमवारी, पुरी केली होती.

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी ती पानं न्यायला गेले. काकू मटार सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आधी वाचून दाखव. ते लिहिलेलं सगळं मला वाचून दाखवायचे. मला त्यातलं काय कळणार, पण मतलब, काम करता करता माझा हात थांबला ना, की तिथे पेन्सिलीने टिंब करायचे. ही पानं राहिलीत बघ."

मी वाचू लागले. काकांनी लिहिलं होतं, की ही बखर मारल्या गेलेल्या त्या सरदाराच्या घरच्यांनी लिहवून घेतली, हे तिच्या शेवटच्या ओळींत स्पष्ट आहे. म्हणजे ती पहिल्यांदा ऐकली असेल मागे राहिलेल्या बायकांनी, आयांनी. लिहिणाऱ्याने जुनं भाषण उचललं ते त्यांच्यासाठी. आपल्या माणसाला परत यायची मुभा होती, कुणी त्याला ओढून नेलं नव्हतं, तो स्वतःच्या मनाने थांबला, एवढं त्यांच्या कानावर पडावं म्हणून...

शेंगांचा आवाज थांबला होता. काकू खिडकीकडे बघत होत्या. मी पेन्सिल शोधली, समासात टिंब दिलं आणि पुढे वाचू लागले.