आबांना न सांगितलेलं ऑपरेशन

डॉक्टरसाहेबांना पळताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं. पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात मी कंपौंडर होतो. निजामाचा अंमल होता, बाहेर महायुद्ध चालू होतं, आणि आमचे साहेब हैदराबादचे, अंगाने चांगलेच भारी, खुर्चीतून उठायचं तरी आधी दोनदा विचार करणारे. तेच साहेब भर उन्हात बंगल्यापासून दवाखान्यापर्यंत पळत आले. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत राहिली होती, आणि हातात एक इंग्रजी मासिक फडफडत होतं. मी खोकल्याचं औषध ढवळत होतो.

"छोडो वो सब!" ते दारातूनच ओरडले. "तुम्हारे वालिद का इलाज निकला है!"

माझ्या हातातली काचेची कांडी बाटलीत पडली आणि ती काढायचंही मला सुचलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तेव्हा दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत बाजेवर पडून होते. गावी पाटीलकी होती, जमीन होती, बैलबारदाना होता, आणि बैलाची पारख करावी तर आबांनीच, असं चार गावांत नाव होतं. आदल्या पावसाळ्यात त्यांची लघवी अडली. रबरी नळी घालायचं काम कंपौंडरचं, म्हणजे माझंच. बापाला नळी घालताना मी भिंतीकडे बघायचो आणि आबा छपराकडे. मग कंबर दुखायला लागली, मग मांड्यांची हाडं. साहेबांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं आणि मला औषधांच्या खोलीत बोलावून घेतलं. लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, ती एरवी मऊ असते, आबांची दगडासारखी लागत होती. कॅन्सर असणार, ते म्हणाले. नक्की कळायला तुकडा काढून मोठ्या शहरात पाठवावा लागतो, आणि आबांना तर टांग्यातही बसवत नव्हतं. नळी आणि अफूचं औषध यापलीकडे आमच्या कपाटात त्यावर काही नव्हतं. आबा सदा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेले असत. "एकदा उताणं निजायला मिळंल का रं?" एवढंच ते विचारायचे, आणि मी "मिळंल की" म्हणून खोटं बोलायचो.

आणि आता हे मासिक! ते कित्येक महिने उशिरा आलं होतं. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, आणि बीडहून टपाल आणणारी आमची मोटार मांजरसुंब्याच्या घाटात हमखास बसकण मारायची. साहेबांनी मला स्टुलावर बसवलं आणि उभ्याउभ्याच अख्खा लेख वाचून दाखवला. इंग्रजी वाचायचे, उर्दूत समजावायचे आणि मधूनमधून टेबलावर हात आपटायचे. अमेरिकेत काही डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं, की ही ग्रंथी अंगातल्या एका स्रावावर पोसली जाते आणि तिचा कॅन्सरही त्यावरच पोसला जातो. स्राव बंद करा, कॅन्सर उपाशी मरतो. अंथरुणाला खिळलेली माणसं चार दिवसांत उठून बसली होती. चार दिवसांत! मला नाचावंसं वाटलं. खरं सांगायचं तर मी थोडा नाचलोही, आणि साहेबांनीही मला अडवलं नाही.

"मग तो स्राव बंद कसा करायचा?" मी विचारलं.

साहेबांनी मासिक मिटलं आणि बोटाने खाली खूण केली. दोन्ही वृषणं काढायची. ऑपरेशन तसं लहान, इंजेक्शनने जागा बधिर करून इथेच होण्यासारखं.

मी परत स्टुलावर बसलो. वृषण हा शब्द मी त्या काळी फक्त पुस्तकात पाहिला होता, आणि जो शब्द तोंडात होता तो बापासमोर उच्चारायची माझी छाती नव्हती.

"आबा को तुमच बोलो," साहेब म्हणाले. "मुलगा सांगेल ते ऐकतील."

औषधांच्या खोलीपासून माझी खोली वीस पावलांवर. तेवढ्या वाटेत मी चार-पाच वाक्यं जुळवली आणि सगळी गिळून टाकली. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आबा, आत एक गाठ हाय," मी म्हणालो. "बारीकशीच हाय. डॉक्टरसाब काढून टाकतो म्हनत्यात. मग दुखायचं थांबंल."

"मग काढा की," आबा म्हणाले. "इचारतुस कावून?"

झालं! मी उड्या मारत परत आलो आणि साहेबांना सांगितलं, आबा राजी आहेत, सगळं सांगितलंय. मी मनाशी हिशेब घातला होता, की खरं कळलं तर आबा नाही म्हणतील आणि नाही म्हणाले तर तळमळून मरतील. हा हिशेब अगदीच खोटा नव्हता. पण त्यात माझीही एक बाजू होती. पाटलाच्या घरातल्या कर्त्या पुरुषाला खच्ची केलं, असं बाजारात कुणी म्हटलं तर मी तोंड कुठं लपवणार होतो?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून आनंदाने माझा पाय ठरत नव्हता. मी हत्यारं उकळली, कापूस कातरला, एकच ताट तीनदा पुसलं. मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरने आबांना टेबलावर घेऊन वस्तऱ्याने जागा साफ केली. साहेब हातमोजे चढवून आले. ऑपरेशनआधी रोग्याला स्वतः विचारायची त्यांची सवय होती, आणि नेमकी तीच मी विसरलो होतो. आपल्या मोडक्या मराठीत त्यांनी विचारलं, "पाटील, आम्ही काय काढणार, ठाऊक आहे ना?"

"पोरगं म्हनलं आत गाठ हाय," आबा छपराकडे बघत म्हणाले. "आन तुमचा मानूस तर वस्तरा भलतीकडंच फिरवून ऱ्हायला. डॉक्टरसाब, किती गोऱ्हे म्या उभं ऱ्हाऊन बडवून खच्ची करून घेतलेत. मला कळंना व्हय, कशाची तयारी चाललीय ते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही नको वाटते. त्यांनी हातमोजे काढून ताटात टाकले. "मैं नहीं करता," ते म्हणाले. मग स्टूल ओढून आबांच्या उशाशी बसले आणि मला म्हणाले, "अब एक एक लफ्ज़ बोलो. मी सांगतो, तू सांग."

मग मला एकेक शब्द सांगावा लागला. साहेब उर्दूत सांगत आणि मी मराठीत, ड्रेसरसमोर, बापाच्या डोळ्याला डोळा न भिडवता. काय काढणार, का काढणार, त्याने आत काय होईल. कान तापले होते, पण सांगितलं. आबा शेतीची गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते.

"म्हंजी पाटाचं पानी तोडलं की मळा वाळतो, तसंच का?"

मी ते साहेबांना उर्दूत विचारलं. साहेब खूष झाले. "बिलकुल तसंच!"

"बडवलेला बैल लई वर्सं कामाला टिकतो. म्या किती टिकीन?"

हे विचारायला माझी जीभ रेटेना. साहेबांना प्रश्न आपोआप कळला. त्यांनी थेट आबांनाच सांगितलं, "मालूम नहीं, पाटील. कुणालाच माहीत नाही. हे सगळं नवीन आहे. तुम्हाला आराम पडला तर रोग तोच होता, हेही तेव्हाच पक्कं कळेल."

आबा म्हणाले, "मग तोडा पानी. आन डॉक्टरसाब, ह्याला भाईर काढा."

ह्याला म्हणजे मला. मी पडवीत जाऊन बसलो. उकळलेली हत्यारं आत ड्रेसरच देत होता, माझी गरज नव्हती. मला इतकं रडू आलं की रोगी येऊन माझीच चौकशी करायला लागले.

पहिल्या दिवशी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. साहेब दर तासाला डोकावून जात. तिसऱ्या दिवशी आबांनी अफूचं औषध घेतलं नाही, म्हणाले विसरलो. ते औषध कुणी विसरत नसतं! चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेलो तर आबा उताणे पडले होते. पाय लांब सोडलेले, हात उशाखाली, आणि छपराची कौलं मोजल्यासारखी बघत होते. मी कप खाली ठेवला की टाकला ते आठवत नाही. या वेळी पळालो तो मी. साहेबांच्या बंगल्याचं दार बडवून काय ओरडलो, तेही आठवत नाही. साहेब आले, त्यांनी आबांच्या कमरेवर, मांड्यांवर बोटांनी दाबून पाहिलं, परत परत पाहिलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

महिन्याभरात आबा पाटोद्याच्या बाजारात बैलांचे दात बघत हिंडत होते. कुणीतरी विचारलं, पाटील, काय औषध लागू पडलं? मी बैलाआड सरकलो. आबांनी भर बाजारात, बैलाच्या जबड्यात हात घालून, खणखणीत आवाजात सगळं सांगितलं, न लाजता, न गाळता. ऐकणारे हसले, आबाही हसले. पुढच्या आठवड्यात दोन म्हातारे दवाखान्यात आले, म्हणाले, पाटलानं पाठवलंय.

माझ्याशी मात्र आबा कामापुरतंच बोलत. एकदा धीर करून मी म्हणालो, "आबा, चुकलं माझं. तुमी न्हाई म्हनाल म्हनून भ्यालो."

"कापलं त्याचं मला काय बी न्हाई," आबा म्हणाले. "पर माजा जीव, आन त्याचा करार तू माझ्या मागं करून आलतास रं."

दोन वर्षं आबा ताठ चालले. दोन पेरण्या त्यांनी स्वतः बांधावर उभं राहून करून घेतल्या. मग एका हिवाळ्यात दुखणं परतलं, आधी पाठीत, मग सगळीकडे. साहेबांची तोवर बदली झाली होती. मी त्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं, आणि ते खिशात ठेवून मी आबांच्या बाजेशी बसलो. आबांनी कुशीवर वळून माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांग. आता काढन्याजोगं काय ऱ्हायलंय?"

"काय बी न्हाई, आबा," मी म्हणालो. "साहेबांनी बी तसंच लिव्हलंय."

आबांनी हात पुढे करून माझा हात धरला. ऑपरेशनच्या सकाळपासून पहिल्यांदाच.

"आता बस हितं," ते म्हणाले.