उघड्या रेषांचं भांडण

मुलुंड पूर्वेला टिपणीसांच्या घरात माणसं दोन आणि टेबल एकच. खिडकीकडच्या अर्ध्या टेबलावर नंदकुमार टिपणीसांचा टाक आणि शाई, उरलेल्या अर्ध्यावर मृणालिनीबाईंचा लॅपटॉप. मध्ये पाण्याचा तांब्या. तो दोन्ही पक्षांना लागतो, म्हणून तेवढाच काय तो तटस्थ.

नंदकुमार दिवाळी अंकांसाठी रेखाचित्रं काढतात. काळी शाई, पांढरा कागद, बास. त्यांची ओळख म्हणजे उघडी रेषा. पदर काढतील, पण खांद्यापाशी रेषा सोडून देतील. छप्पर काढतील, एक कोपरा मोकळा ठेवतील. ‘रेषेला श्वास घ्यायला जागा लागते,’ हे ते आल्यागेल्याला सांगतात. मृणालिनीबाई हे लग्न झाल्यापासून ऐकतायत. टेलिफोन खात्यात त्यांचा जन्म लोकांच्या लाइनी जोडण्यात गेला, त्यामुळे तुटक्या लाइनीचं कौतुक त्यांच्या काही गळी उतरलं नाही.

निवृत्तीनंतर बाईंना कॉम्प्युटरवर रंग भरायचा नाद लागला. लेकीने, इरावतीने, घाटकोपरहून आपला जुना पेन टॅबलेट आणून दिला आणि बाईंनी नवऱ्याने काढलेलं कोळणीचं एक चित्र स्कॅन करून रंगवायला घेतलं. न विचारता. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या रंगकामात एक बादली असते. बादली उचलायची, रेषांनी वेढलेल्या जागेवर टेकवायची, की तेवढा भाग रंगतो. बाईंनी कोळणीच्या लुगड्यावर निळी बादली ओतली. लुगडं निळं झालं. मग कोळीण निळी झाली. टोपली, पापलेटं, होडी, आभाळ, सगळं एकजात निळं. पदराच्या फटीतून रंग बाहेर वाहून गेला होता.

“अहो, तुमच्या चित्राला गळती लागलीय.”

नंदकुमार उठून आले, बघितलं, आणि चष्मा काढून ठेवला. “माझ्या चित्राला हात कोणी लावायला सांगितला तुला?”

“रेषा जरा बंद करत जा ना.”

“जन्मभर उघड्या ठेवल्या, आता तुझ्या बादलीपायी बंद करू? उद्या म्हणशील, मोरीच्या मापाने चित्र काढा.”

बाईंनी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कॅनवरच्या सगळ्या फटी काळ्या रंगाने बुजवून टाकल्या आणि चित्र छापून भिंतीला लावलं. नंदकुमारांनी ते पाहिलं आणि घरात बोलणं बंद झालं. ‘जेवायला वाढलंय’ हे बाई फ्रिजला सांगायच्या, ‘आलोच’ हे नंदकुमार पंख्याला सांगायचे.

अशात शौनकचा फोन आला. नंदकुमारांच्या जुन्या संपादक-मित्राचा हा मुलगा; वडिलांच्या मागे दिवाळी अंक आता तोच चालवतो. “काका, यंदा मुखपृष्ठ रंगीत हवं. जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कोणाकडून करून घेतो.”

त्या अंकाचं मुखपृष्ठ आजवर दुसऱ्या कोणी केलेलं नव्हतं. आणि नंदकुमारांना रंग जमत नव्हते. तरुणपणी एकदा प्रयत्न करून पाहिला होता. पुढे न जमण्यालाच तत्त्व म्हणायला लागले.

दोन दिवसांनी त्यांनी बायकोच्या हद्दीत एक कागद सरकवला. मढच्या कोळीवाड्यातलं मासळी सुकवायचं खळं, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील, मागे होड्या. अख्ख्या चित्रात एक रेषा बंद नव्हती. निव्वळ खुन्नस.

“भर. पण माझी एक जरी रेषा जोडलेली दिसली, तरी चित्र जाणार नाही. अंक गेला खड्ड्यात.”

“आणि जमलं तर खाली माझं नाव.”

“नाव? रंग तर बालवाडीतली पोरंही भरतात. त्यांची नावं छापतं का कोणी?”

बाईंनी कागद उचलून स्कॅन केला. आधी त्यांनी हाताने रंगवून पाहिलं. बोंबलांच्या कडा न्हाव्याने अर्धवट सोडलेल्या दाढीसारख्या दिसायला लागल्या. मग बादलीची सेटिंगं फिरवून पाहिली. रंग थोडा कमी गळला, पण गळलाच. शेवटी त्यांना लेयर सापडले. काचेवर काच ठेवावी तसे हे थर. नवऱ्याच्या चित्राला त्यांनी बोट लावलं नाही. त्याखाली एक रिकामा थर घातला आणि त्यावर प्रत्येक फटीशी बारीकसा लाल बांध घातला. रंग ओतायला आणखी एक थर घेतला; बादलीला सगळे थर दिसतात, तेव्हा रंग बांधापाशी निमूट थांबला. काम झाल्यावर बाईंनी बांधांचा थर लपवून टाकला. रेषा उघड्याच्या उघड्या, आणि रंग जागच्या जागी.

नंदकुमार भिंग घेऊन स्क्रीनला चिकटले. जोडलेली रेषा काही सापडेना.

“कसं केलंस?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“बोंबील पिवळट का?”

“सुकवलेले आहेत म्हणून. बाजारात कधी गेला असतात तर माहीत असतं.”

दुसरं काही सापडेना, तेव्हा त्यांनी हातानेच ‘पाठव’ अशी खूण केली. संध्याकाळी शौनकचा फोन आला. नंदकुमारांनी तो स्पीकरवर घेतला. कौतुक बायकोलाही ऐकू जावं, हा हेतू.

“काका, झकास झालंय. रंग कोणाचे म्हणून टाकू?”

नंदकुमारांनी खिडकीबाहेर पाहिलं. “आमच्याकडे एक बाई येतात.”

बाई कणीक मळत होत्या. त्या पिठाच्या हातांनीच टेबलाशी आल्या आणि फोनवर वाकल्या. “शौनक, ती बाईच बोलतेय. तुला आलंय ते नुसतं बघण्यापुरतं, छोटं चित्र आहे. छापायची मोठी फाईल माझ्याकडे आहे. मृणालिनी टिपणीस. लिहून घे, म्हणजे पाठवते.”

“हो काकू. मग काकांचं…”

“ते त्यांना विचार.”

नंदकुमारांनी दोनदा घसा साफ केला.

“दोन्ही नावं टाक,” ते म्हणाले. “एका ओळीत.”

“एकाच आकारात,” बाई म्हणाल्या.

“एकाच आकारात,” नंदकुमार म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावर वळले. “रंगातलं तुला अजून काही कळत नाही, ते वेगळंच.”

“आणि तुम्हाला एक रेषा धड पुरी करता येत नाही,” बाई म्हणाल्या आणि पिठाचं बोट पदराला पुसून त्यांनी मोठी फाईल पाठवून दिली.