समुद्राकडे तोंड करून

माझा स्वभाव डूख धरणारा आहे. लहानपणी कोणी चिमटा काढला तर मी लगेच रडत नसे, आठवडाभर थांबून तेवढाच जोरात परत काढत असे, असं आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची. पुढं त्या कौतुकाचं काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी बहरीनला मुहर्रकच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात कारकून होतो. कपबशा, पातेली आणि मुख्य म्हणजे चहा-कॉफीचे मोठाले थर्मास. दुकानाचा मालक आमच्याच रत्नागिरीकडचा, खाडीपलीकडच्या गावचा, माझ्यासारखाच मुसलमान. आम्ही सगळे त्याला भाई म्हणत असू. तोंडावर मी ‘तुम्ही’ म्हणे, मनात मात्र एकेरीवर असे, आणि इथंही एकेरीच लिहिणार आहे. व्हिसा पाठवून मला आणलं ते त्यानंच. उतरलो त्या दिवशी विमानतळाच्या दारातच त्यानं हात पुढे केला आणि माझा पासपोर्ट मागून घेतला. “हरवशील. माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे.” तेव्हा सगळ्यांचेच पासपोर्ट मालकांच्या ड्रॉवरमध्ये असत, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी, ईद तोंडावर आलेली असताना, एका शनिवारी दुकानात बहिणीचा फोन आला. बाबांनी अन्न सोडलं होतं आणि सारखे माझं नाव घेत होते. मी फोन ठेवला आणि भाईकडे पासपोर्ट मागितला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्यापुढच्या थर्मासचं झाकण फिरवून दाखवत भाई म्हणाला, “घाई काय? बुधवारी बघू.”

रविवारी विचारलं, बुधवार. सोमवारी विचारलं, बुधवार. आमच्या दुकानापासून विमानतळ चालत वीस मिनिटांवर होता. विमानं इतक्या खालून जात की फळीवरच्या बशा किणकिणत. त्या चार दिवसांत गेलेलं प्रत्येक विमान मी पाहिलं. मंगळवारी दुपारी बाबा गेले. भाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “आता जाऊन काय करशील? तू पोचशील तवा माती देऊन झाली असंल.” हे खरं होतं. माझा संताप त्या खरेपणावरच जास्त होता.

महिन्याभरानं बहिणीचं पत्र आलं. बाबांनी आपली खाट पश्चिमेच्या दारात ओढून घ्यायला लावली होती. आमच्याकडे समुद्र पश्चिमेला आणि मक्काही त्याच बाजूला, म्हणून घरच्यांना वाटलं, म्हातारा किब्ल्याकडे, नमाजाच्या दिशेला, तोंड करून जाऊ पाहतोय. पण ते मधूनमधून विचारत, ‘शीड दिसतंय काय?’ त्यांचं अर्धं आयुष्य मचव्यावर गेलेलं. परदेशी गेलेलं माणूस समुद्रातूनच परत येतं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं. ते पत्र मी एकदाच वाचलं.

मग मी ती नोकरी का सोडली नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. घर चालवायचं होतं हे एक कारण. दुसरं मी कोणाला सांगितलं नाही: उट्टं काढायचं तर माणूस हाताशी असावा लागतो. दोन वर्षं मी त्याला सकाळी सलाम केला आणि रात्री त्याच्या दुकानाला कुलूप घातलं. एवढ्या दिवसांत एकदाही माझा आवाज चढला नाही. त्याला वाटलं, मी विसरलो.

दोन वर्षांनी भाईच्या मनात आलं की थर्मास दुबईच्या व्यापाऱ्यांकडून घेण्यापेक्षा थेट चीनच्या कारखान्यातून आणावेत. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं. समुद्रकाठचं मोठं शहर होतं. रात्री हॉटेलात पोचलो. फॉर्म मीच भरले. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही पासपोर्ट परत दिले तेव्हा भाई म्हणाला, “तुझ्याकडेच ठेव. तुलाच लागतात.” हॉटेलचं नाव चिनी अक्षरांत छापलेलं एक कार्ड तिनं दिलं, टॅक्सीवाल्याला दाखवायला. तेही मीच खिशात टाकलं.

खोल्यांकडे जाताना त्यानं विचारलं, “किब्ला कुठं?” मला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता जिन्याच्या खिडकीतून त्याला होड्यांचे दिवे दिसले. “हा समुद्र इकडे,” तो समाधानानं म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. मीही त्या रात्री समुद्राकडेच तोंड करून नमाज पढलो. आम्हा कोकणातल्या माणसांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

सकाळी पडदा सरकवला तर सूर्य समुद्रातून वर येत होता. जन्मभर त्याला तिथं बुडताना पाहिलेलं. मी मूर्खासारखा बघत राहिलो. मग उमगलं: इथं समुद्र पूर्वेला. रात्रभर आम्ही मक्केकडे पाठ करून उभे होतो. भाईची खोली मागच्या बाजूला होती, तिच्या खिडकीबाहेर भिंत, त्यामुळे त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं. नाष्ट्याला तो उकडलेलं अंडं सोलत बसला होता. मी समोर बसलो आणि त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यापूर्वीचा तो एक क्षण इतका गोड लागला की मी तो लांबवायचं ठरवलं.

कारखान्याचं काम त्याच दिवशी उरकलं. परतीचं विमान चार दिवसांनी होतं. संध्याकाळी भाई म्हणाला, “चल, दर्यावर फिरून येऊ.” दिवसभर आभाळ भरलेलं होतं आणि हवा चिकट होती.

किनाऱ्याला लागून रुंद दगडी रस्ता होता आणि सगळं शहर तिथं उतरलेलं. गंजीफ्रॉकातले म्हातारे, सायकल हातात धरून चालणाऱ्या बायका, टेपरेकॉर्डर लावून जोडीजोडीनं नाचणारी प्रौढ माणसं. त्यांना पाहून भाईनं नजर फिरवली आणि थोड्या वेळानं पुन्हा तिकडे वळवली. माणसं त्याच्या जाळीच्या टोपीकडे बघून हसत, तोही हसे. गुडघे दुखत असल्यानं तो सावकाश चालत होता. मनगटावरचं घड्याळ त्यानं बहरीनच्या वेळेवरच ठेवलं होतं आणि दर वेळी बोटं मोजून पाच तास मिळवत होता.

पुढं सुकी मासळी विकणाऱ्यांची रांग लागली. भाई थबकला. “अरे, हे तर सोडे!” खरोखरच सोडे होते, आपल्याकडच्यासारखेच, थोडे मोठे. तो खाली वाकला, मूठभर घेऊन नाकाशी नेले आणि विकणारीला कोकणीत त्यांचा भाव विचारू लागला. त्याचा चेहरा इतका खुलला होता की मला सहन होईना. ज्या माणसानं माझे चार दिवस ड्रॉवरमध्ये घालून ठेवले, तो घरच्या वासानं सुखावत होता. ठरवून काही केलं नाही म्हणालो तर ते खोटं ठरेल. खिशावर हात ठेवला, दोन पासपोर्ट आणि कार्ड तिथंच होतं. मी मागे सरलो, गर्दीत शिरलो आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर फळांच्या एका टपरीआड उभा राहिलो.

त्यानं वळून पाहिलं. मला हाक मारली. सोडे परत टोपलीत टाकले आणि थोडा पुढे गेला, मग मागे आला. एका माणसाला थांबवून हातानं माझी उंची दाखवली. तो माणूस मान हलवून निघून गेला. भाईनं शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे दोन्ही. कागद नाही, पासपोर्ट नाही, राहत्या जागेचं नाव तोंडात नाही. मी त्याच्या चेहऱ्यावर जे पाहत होतो ते मला ओळखीचं होतं. मला आनंद झाला. तो लपवण्यात आता अर्थ नाही.

अंधारू लागलं. मगरीबच्या नमाजाची वेळ झाली हे त्याला घड्याळाशिवाय कळलं असावं. तो कठड्याला धरून पायऱ्या उतरला, खाऱ्या पाण्यानं हात-तोंड-पाय धुऊन वजू केला आणि वर येऊन दगडावर रुमाल पसरला. आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. माझ्याकडे त्याची पाठ होती. माझ्याकडे, शहराकडे, मक्केकडे.

रस्ता ओलांडून एक शब्द सांगायचा होता. मी जागचा हललो नाही. मगरीबचे तीन फर्ज झाले, दोन सुन्नत झाल्या, नमाज तिथं संपते. मला वाटलं, आता उठेल. तो पुन्हा उभा राहिला आणि नेमाबाहेरच्या आणखी दोन रकात पढला. मग बराच वेळ हात पसरून बसला. दोन-तीन सायकलवाल्या थांबून त्याच्याकडे बघत होत्या.

दिवे लागल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. तो शिव्या देईल अशी माझी अपेक्षा होती, उत्तरंही तयार होती. त्यानं माझं मनगट घट्ट पकडलं.

“कुठं होतास? मला वाटलं, गाडीखाली आलास. दोन नफील पढलो तुझ्यासाठी.”

“समुद्राकडे तोंड करून?”

“मग कुठं करायचं?”

मी मनगट सोडवून घेतलं आणि त्याच्या मागं, शहराच्या दिव्यांवरून, अंधाराकडे हात केला. “मक्का तिकडं आहे, भाई. बहरीन तिकडं, आपलं घर तिकडं आणि माझ्या बापाची कबरही तिकडंच. इथं सूर्य समुद्रातून उगवतो.”

तो वळून बघत राहिला. “तुला कधी कळलं?”

“सकाळी.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“बुधवारी सांगणार होतो,” मी म्हणालो.

दोन वर्षं मी हे वाक्य शोधत होतो, ते इथं येऊन सापडलं. त्याला ते लागलं हे मला दिसलं. त्याचा हात गुडघ्यावर गेला आणि तो कठड्यावर बसला. मग म्हणाला, “तू परत आला नसतास. इंग्रजी वाचणारं दुसरं कोण होतं माझ्याकडं?”

“नसतोच आलो.”

“ठाऊक होतं मला.”

त्यानं माफी मागितली नाही आणि मला ती नकोच होती. तो उठला, रुमाल झटकून पुन्हा पसरला, या वेळी पश्चिमेकडे. त्याच्या बरोबर समोर मी उभा होतो. नमाज पढणाऱ्याच्या पुढ्यात उभं राहायचं नसतं, हे लहान पोरालाही शिकवलेलं असतं. तो मान खाली घालून थांबला. ‘बाजूला हो’ म्हणाला नाही. मी त्याला चांगलं ताटकळत ठेवलं. मग बाजूला झालो.

हॉटेलच्या दारात त्यानं हात पुढे केला. “माझा पासपोर्ट.”

“घाई काय?” मी म्हणालो.

पुढचे चार दिवस तो माझ्या उशीखाली होता. भाईनं दुसऱ्यांदा मागितला नाही. रोज संध्याकाळी तो दर्यावर जायला निघे आणि मी येतोय का हे आधी बघून घेई. मी रोज गेलो, दहा पावलं मागून. त्याला मागं वळून बघायला लावणं मला आवडत होतं.

बहरीनला उतरलो तेव्हा इमिग्रेशनच्या रांगेत मी त्याचा पासपोर्ट त्याच्या हातात दिला. बाहेर दाराशी आलो आणि जुन्या सवयीनं त्याचा हात माझ्यापुढे आला, पाच वर्षांपूर्वी त्याच जागी आला होता तसा. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात मागे घेतला आणि “यल्ला, चल” म्हणून टॅक्सीकडे चालू लागला.

त्यानंतर माझा पासपोर्ट माझ्याच ट्रंकेत राहिला. बाजारातल्या दुसऱ्या कोणा कारकुनाकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता, आणि ते माझा हेवा करत. रात्री कधी ट्रंक उघडून मी तो हातात घेई. हवं तेव्हा वीस मिनिटांत विमानतळ गाठू शकत होतो. पण पश्चिमेच्या दारातली ती खाट बहिणीनं केव्हाच आत नेऊन ठेवली होती.