पोथीची मागची पानं

चार वाचणारी माणसं जमली की हल्ली एक विषय निघतोच. एक म्हणतो, कागद हाताला लागला नाही तर वाचल्यासारखं वाटत नाही. दुसरा पाटीएवढं यंत्र पुढे करून सांगतो की माझी सगळी पुस्तकं यात आहेत, तुमची वाळवी इथे पोचत नाही. मग दोघंही माझ्याकडे बघतात, कारण मी पुस्तकांच्या दुकानात नोकरी केलेली आहे आणि पुढे कॉम्प्युटरचं सेंटरही चालवलेलं आहे. दोन्ही घरचा पाहुणा म्हणून माझं मत वजनदार समजलं जातं. मी चहाचा कप तोंडाला लावतो. मला कागदाचं फार कौतुक नाही, यंत्राचा रागही नाही. मला लाज वाटते, आणि ती चहाबरोबर सांगण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून इथे लिहून टाकतो.

माझं गाव चिमूरकडचं. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला झुडपी जंगल, मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. नव्वदच्या दशकात मी शिकायला चंद्रपूरला आलो आणि कॉलेज करताकरता जटपुरा गेटच्या आतल्या एका पुस्तकांच्या दुकानात काम धरलं. पुस्तकांचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कादंबऱ्या येतात. आमच्याकडे गाईडं, वह्या, पंचांगं, पोथ्या आणि पाटीपेन्सिली. जून महिन्यात जुनी पाठ्यपुस्तकं विकत घ्यायची आणि पुढच्या वर्गाच्या पोरांना विकायची, हा आमचा मोठा धंदा.

मालक जुनं पुस्तक हातात आलं की आधी शेवटची पानं उघडत. तिथे नावं, हिशेब, चित्रं, कुणाकुणाचे बदाम, काय काय लिहिलेलं असे. "लिवलेलं दिसते ना? मग अर्धा भाव सांग," असं ते मला म्हणत. कोरं पुस्तक चांगलं, लिहिलेलं पुस्तक खराब. पाच वर्षं मी रोज हे शिकलो आणि फार चांगलं शिकलो.

पुढे मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दोन हजार सालानंतर स्वतःचं सेंटर टाकलं. टायपिंग, प्रिंटआऊट, स्कॅनिंग. स्कॅनर आला त्या दिवसांत मी जरा वेडाच झालो होतो. दिसेल तो कागद काचेवर पालथा घालायचो. गावाकडे गेलो की पारावर बसून भाषण ठोकायचो की आता दहा वर्षांत पुस्तकांची दुकानं बंद पडणार, सगळं सीडीवर येणार. लोक ऐकायचे. शहरात धंदा टाकलेला गावचा पहिला पोरगा म्हणून माझा भाव चढलेला होता आणि मला तो चढलेला आवडत होता. लोकांनी विश्वासानं सातबारे, जुन्या पावत्या, लग्नपत्रिका माझ्याकडे दिल्या. मी त्या स्कॅन करून परत आणून द्यायचो.

आमच्या घराला लागून एक मावशी राहत. नात्यानं कुणी नव्हत्या, पण लहानपणी अर्धी जेवणं मी त्यांच्या चुलीपाशी केली. नवरा-बायको दोघं तळ्यात जाळं टाकत आणि जंगलाच्या कडेला नाल्यापलीकडे त्यांची एक धानाची बांधी होती. काका चौथी शिकलेले. मावशींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या घरी सासऱ्यांच्या वेळची एक पोथी होती, लाल फडक्यात बांधून आढ्याला टांगलेली. श्रावणात ती खाली उतरे. काका रोज एक अध्याय वाचत आणि शेवटच्या दिवशी, समाप्तीनंतर, पोथीची मागची कोरी पानं उघडत. ती कोरी नव्हती. सासऱ्यांनी टाकानं आणि पुढे काकांनी पेननं त्यावर घरातलं काय काय लिहून ठेवलं होतं. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत ही रीत होती. घरात उंदीर न लागणारा आणि पाण्यात न भिजणारा कागद एकच, तो म्हणजे पोथी. काका मावशींचं बोट धरून ओळीवर ठेवत आणि सांगत, हे इथं बांधीचं, हे इथं पोरीचं, हे इथं बोडी, म्हणजे शेताचं लहान तळं, फुटली त्या सालचं. मावशी प्रत्येक ओळीला नमस्कार करत. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काका गेल्यावर पोथी वाचायला शेजारचं कुणी ना कुणी बोलवावं लागे. पानं तुटायला आली होती, अक्षर बारीक, वाचणारे कुरकुर करत. एका दिवाळीत मीच मावशींना म्हणालो, आणा इकडे, कॉम्प्युटरमध्ये घालतो. मोठ्या अक्षरात नवीकोरी काढून देतो. तुमची पोथी आता कधीच जुनी होणार नाही.

त्यांनी फडकं सोडून पोथी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "मागची पानंबी घेजो बाबू. त्याच्यात आमचं हाये."

"हो हो, घेतो ना," मी म्हणालो.

चंद्रपूरला आणून मी पोथी काचेवर ठेवली तर ती सपाट बसेना. शिवणीजवळच्या ओळी वाकड्या येत. मी ब्लेड घेतलं आणि पाठीकडून पोथी उभी चिरली. सुटी पानं भराभर होतात. प्रत्येक पानावरचे पिवळे डाग, तेलाचे ठिपके, हळदीकुंकवाची बोटं मी माउसनं एकेक करून पुसली, आणि ते करताना मला आपण फार मोठं पुण्याचं काम करतो आहोत असं वाटत होतं.

मग मागची चार पानं हातात आली. शाई पसरलेली, ओळी एकावर एक चढलेल्या, एका कोपऱ्यात कुण्या लेकरानं रेघोट्या ओढलेल्या. मी ती वाचली. हे नीट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर आहे. मी ती वाचली. सासऱ्यांच्या अक्षरात होतं की यंदा नाल्यापलीकडची झाडी काढून बांधी धरली, धान बरा झाला. त्यावर साल होतं. खाली काकांच्या अक्षरात मुलगी झाल्याचं, बोडी फुटल्याचं, बैल मेल्याचं. वाचलं आणि माझ्यातला दुकानातला नोकर जागा झाला. लिहिलेलं म्हणजे खराब. सुंदर स्वच्छ पोथीच्या शेवटी हे गिचमिड कशाला, असं म्हणून मी चारही पानं स्कॅन न करताच बाजूला ठेवली. शेवटी एक पान रिकामं उरत होतं, तर त्यावर माझ्या सेंटरचं नाव आणि फोन नंबर छापला.

नवी पोथी स्पायरल बाइंडिंग करून आणि सोबत एक सीडी, असं मी गावी नेलं. चिरलेली जुनी पोथी, मागच्या चार पानांसकट, पिशवीत होती. ती मावशींना दाखवायला माझा हात होईना, कारण तिचे हाल बघून त्या रडल्या असत्या. तेव्हा मी रीतीचा आधार घेतला. म्हणालो, मावशी, जीर्ण पोथी घरात ठेवू नये, नदीला द्यावी. हे काही मी मनचं काढलं नव्हतं. आमच्याकडे तसं करतातच. फाटलेली पोथी कुणी रद्दीत घालत नाही आणि जाळतही नाही. पण या पोथीचं वय झालं म्हणून ती नदीला चालली नव्हती. मी ब्लेड चालवलं म्हणून चालली होती.

मावशींनी विचारलं, "मागचं सारं घेतलं ना बाबू?"

"सगळं आहे," मी सीडीवर टिचकी मारून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उमा नदीवर गेल्या. फुलं वाहिली, हळदकुंकू वाहिलं, आणि पोथीचं मीच बांधून दिलेलं गाठोडं कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडलं. मी काठावर चपला सांभाळत उभा होतो. घरी येऊन त्यांनी सीडी लाल फडक्यात बांधली आणि आढ्याला टांगली. त्या घरात तेव्हा वीजसुद्धा धड नव्हती. मी हसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

त्यानंतर तीनचार वर्षांनी वनहक्काचे दावे आले. जंगलाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वाहीत, म्हणजे शेती, करणाऱ्यांना हक्काचा पट्टा मिळणार, असं गावात कळलं. मावशींची नाल्यापलीकडची बांधी सरकारी कागदांत जंगलच होती. आदिवासी नसलेल्या घरांना तीन पिढ्यांचा पुरावा द्यायचा होता, आणि जाळं विणणाऱ्या माणसांकडे तीन पिढ्यांचे कागद कुठून असणार. गावानं समिती नेमली. अर्ज भरायला, कागद लावायला लिहिणारा माणूस पाहिजे, म्हणून मला चंद्रपूरहून बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन समाजमंदिरात टेबलामागे बसलो.

मावशींचा नंबर आला. समितीचे सचिव म्हणजे शाळेतले गुरुजी. त्यांनी विचारलं, "बाई, जुनं लिवलेलं काही हाये काय तुमच्यापाशी?"

मावशींचा चेहरा उजळला. इतका वेळ बाकीच्यांचे उतरलेले चेहरे बघत बसलेल्या, आता ताठ झाल्या. "हाये ना. आमच्या पोथीत हाये. सासऱ्यानं सालासकट लिवलं हाये बांधी कवा धरली ते. ह्या बाबूनं कॉम्प्युटरात घातलं सारं. त्याले इचारा."

सगळं समाजमंदिर माझ्याकडे वळलं. टेबलावर माझ्यासमोर गावातल्या अर्ध्या घरांचे कागद होते. मला तेवढ्यात पुष्कळ सुचलं, आणि सगळं स्वतःपुरतं. खरं सांगितलं तर हे सगळे उठून आपापले कागद परत मागतील. पोथी चिरल्याचं निघेल, नदीचं निघेल, पारावरची भाषणं निघतील. आज वाटतं, मी नुसतं एवढं म्हणालो असतो की पानं गेली माझ्या हातून, पण मी ती वाचली आहेत आणि त्यावर हे हे होतं, तरी गुरुजींनी तेच माझा जबाब म्हणून लिहून घेतलं असतं. थोडी छीथू झाली असती आणि संपलं असतं.

मी म्हणालो, "गुरुजी, मी पानन्‌पान पाह्यलं. छापलेलं होतं तेवढंच. मागं हातानं लिवलेलं काही नव्हतं."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. त्या भांडतील असं वाटलं होतं. मला ते बरंही पडलं असतं. पण त्या गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "नसंल मग. मले कुठी वाचता येते." आणि पदर सारखा करून बायकांमध्ये जाऊन बसल्या.

दावा अडला नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी सांगितलं की आम्ही लहान होतो तेव्हापासून ती बांधी यांचीच, आणि त्यांच्या जबाबावर तो पुढे गेला. पुढे पट्टाही मिळाला. मी स्वतःला सांगितलं की चला, कुणाचं काही नुकसान झालं नाही. पाचसहा महिने मी हे स्वतःला अगदी पटवून सांगत होतो.

मग पोळ्याला गावी गेलो तेव्हा मावशींनी दुपारी जेवायला बोलावलं. पट्टा मिळाल्याचा आनंद होता. तळ्यातली मासळी, पाट्यावर वाटलेलं तिखट, मऊ भात. त्या समोर बसून वाढत होत्या. अर्धं जेवण झालं आणि त्यांनी विचारलं, "बाबू, एक इचारू? राग नको येऊ देजो."

"विचारा ना."

"मागं खरंच काई लिवलेलं नव्हतं?"

मी नव्हतं अशी मान हलवली. तोंडात घास होता.

त्यांनी भाताच्या भांड्यात चमचा फिरवला. मग म्हणाल्या, "म्हंजे हे दरसाली माहं बोट धरून खोटंच सांगत होते. इथी बांधीचं, इथी पोरीचं. आन मी नमस्कार करत होती." त्या थोडं हसल्या, वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलेलं माणूस हसतं तशा. "मले बरं वाटाव म्हून सांगत असतीन. नाई काय?"

चाळीस वर्षं एकत्र जाळं टाकलेल्या माणसाबद्दल त्या मला विचारत होत्या, कारण मला वाचता येत होतं. त्या घटकेला खरं बोलायला ना समिती आड येत होती, ना दावा, ना गावातल्या कुणाचे कागद. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"असंल मावशी," मी म्हणालो. "बरं वाटावं म्हणूनच सांगितलं असंल."

त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि मी तो जेवलो.